कुंडलच्या माळावरचा नांगर
किर्लोस्करवाडी या उद्योगवस्तीचा इतिहास

वसमतच्या काळ्या रानात हळद लावायची तर आधी उन्हाळ्यात खोल नांगरट व्हावी लागते. कुंदा आणि हरळी मुळासकट वर यावी, ढेकूळ उलटे व्हावे आणि वैशाखाच्या उन्हात तापून निघावे, तरच पुढे बेणे नीट फुटते आणि गड्डा पोसतो. आज हे काम ट्रॅक्टर सकाळच्या वेळात उरकून मोकळा होतो. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे जे ढीग दिसतात, त्यांची सुरुवात या नांगरटीपासून आहे. ढेकूळ उलटे करणारा लोखंडी नांगर आपल्या माणसाने आपल्याकडे घडवावा आणि शेतकऱ्याच्या गळी उतरवावा, ही गोष्ट मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला शक्य वाटत नव्हती. या स्मरणिकेत जिल्ह्यातल्या संस्थांचे इतिहास आहेतच. हा एक इतिहास मुद्दाम जिल्ह्याबाहेरचा घेतला आहे. हळदीवर प्रक्रिया करणारी, अवजारे बनवणारी, शेतकऱ्यांच्या कंपन्या चालवू पाहणारी जी तरुण मंडळी आज हिंगोलीत धडपडत आहेत, त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या यशापेक्षा त्यांच्या अपयशांचा तपशील अधिक उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच कुळातले. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्तात रमलेले. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकात कमी आणि चित्रात व यंत्रात जास्त. असला मुलगा वाया गेला, असे म्हणायचा तो काळ होता. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तिथे दोन वर्षे रमले आणि मग लक्षात आले की काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता? त्यांनी रंगपेटी बाजूला ठेवली आणि यांत्रिक रेखाटन धरले. त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी लागली.

याच काळात, १८८८ साली, बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, अशी वाटणी होती. सायकल तेव्हा नवलाईची वस्तू. गिऱ्हाइकाला ती चालवता येत नसे, म्हणून शिकवणीही दुकानच देई आणि तिचे पंधरा रुपये घेई. हा तपशील किरकोळ वाटेल, पण पुढचे सगळे धोरण त्यात आहे. वस्तू विकणाऱ्याने ती वापरायलाही शिकवली पाहिजे, हे या दोन भावांना पहिल्याच धंद्यात उमगले होते. नांगराच्या वेळी त्याचा फार उपयोग झाला.

नोकरीत काही वर्षे काढल्यावर बढतीची वेळ आली. हक्काने जी जागा लक्ष्मणरावांना मिळायची ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. ‘हिंदी’ माणसाने कितीही चांगले काम केले तरी एका पायरीच्या वर जायचे नाही, हा त्या काळचा अलिखित नियम. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. अशा प्रसंगी राजीनामा देणारे पुष्कळ असतात. त्यातले बरेचसे उरलेले आयुष्य त्या अन्यायाची कथा सांगण्यात घालवतात. लक्ष्मणराव बेळगावला आले, भावाच्या सायकल दुकानाशेजारी छोटी कार्यशाळा थाटली आणि कामाला लागले. कुठल्याही विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी त्यांच्याजवळ नव्हती. मुंबईत कारखान्यांतून हिंडून पाहिलेले काम, हातातली रेखाटनाची कला आणि अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक मासिके, एवढेच भांडवल. ओतकाम ते मुख्यतः वाचून आणि करून शिकले.

पहिला माल म्हणजे कडबा तोडण्याचे यंत्र. ते चालले. मग आला नांगर, आणि इथे थोडे थांबायला हवे.

तेव्हाचा नांगर बाभळीच्या लाकडाचा. त्याच्या टोकाला लोखंडाची पट्टी असे, पण तो माती फाडी, उलटवत नसे. दोन तासांच्या मधली जमीन तशीच राही. काळ्या रानात असला नांगर ओढायला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत आणि तरीही हरळीचे जाळे खाली शाबूत राही. लोखंडी नांगराची करामत दोन भागांत असते. फाळ तळातून माती कापतो, आणि त्याच्यामागचा वळणदार पत्रा कापलेले ढेकूळ उचलून कुशीवर पालथे घालतो. खालची माती वर, वरचे गवत खाली. विलायती कंपन्यांचे असे नांगर बाजारात होते. लक्ष्मणरावांनी ते पाहून आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना पेलेल असा नांगर बिडात ओतून तयार केला. साल १९०३.

तो कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला हसणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात वर्षाचे धान्य एकाच हंगामातून येते, त्याने आपले रान दुसऱ्याच्या प्रयोगाला का द्यावे? दुष्काळाच्या आणि प्लेगच्या वर्षांतून लोक नुकतेच बाहेर पडत होते. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आणि जे खपले त्यांच्याबद्दल तक्रार आली की फाळ लवकर झिजतो, टोक बोथट होते. म्हणजे आधी गिऱ्हाईक मिळेना, आणि मिळाले तर मालात खोट निघाली.

माझ्या मते लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला खरा वळणबिंदू हाच. तोवर ते यंत्राचे वेड असलेले हुशार कारागीर होते. नांगराने त्यांना शेतकऱ्यासमोर उभे केले. गिऱ्हाइकाला अडाणी ठरवून ते मोकळे झाले नाहीत; फाळ का झिजतो याच्या मागे लागले. बिडाच्या ओतकामात एक युक्ती असते. वाळूच्या साच्यात जिथे फाळाची धार यायची तिथे लोखंडाचा तुकडा बसवायचा. वितळलेले बीड त्याला टेकले की त्या जागी झटकन थंड होते आणि बाकीच्या भागापेक्षा कितीतरी कठीण बनते. धार टिकते, पाठ मात्र ठिसूळ होत नाही. ही युक्ती पुस्तकात एका परिच्छेदात मावते. भट्टीपाशी ती हाती लागेपर्यंत किती ओतीव फुकट जाते, हे ज्यांनी ओतशाळा पाहिली आहे त्यांनाच ठाऊक. फाळ सुधारला. मग नांगर शेतावर नेऊन चालवून दाखवणे, मोडका भाग बदलून देणे, हे सगळे सायकलच्या शिकवणीसारखेच सुरू झाले. शेतकऱ्याने एकदा उलटलेले ढेकूळ पाहिले आणि पुढच्या हंगामातले पीक पाहिले की विषाची गोष्ट आपोआप मागे पडे.

धंदा जरा मार्गी लागतो तोच तिसरा तडाखा बसला. बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा वस्तीच्या वाढीसाठी हवी झाली आणि जागा सोडण्याचा हुकूम आला. भट्टी, यंत्रे, माणसे घेऊन जायचे कुठे? त्या वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. (हे औंध साताऱ्याकडचे; आपले औंढा नागनाथ नव्हे.) बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, गुणग्राही आणि उद्योगाची कदर असलेले राजे. लक्ष्मणरावांशी त्यांची ओळख जुनी होती. औंधात एक मंडप उभारण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिले, आणि अडचण कळल्यावर संस्थानातली बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. जागा होती कुंडल रोड स्टेशनजवळ.

जागा म्हणजे नुसता माळ. नजर जाईल तिथवर निवडुंग आणि त्याच्या बेचक्यांत नाग. पाण्याची वानवा. एकच गोष्ट जमेची, की शेजारून रेल्वे जात होती. कोळसा आणि बीड येऊ शकत होते, नांगर जाऊ शकत होते. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. आधी निवडुंग तोडायचा, मग झोपड्या घालायच्या, मग भट्टी पेटवायची. जमशेदपूर तेव्हा तिकडे आजच्या झारखंडात टाटांच्या भांडवलावर उभे राहत होते. इथे उसने दहा हजार रुपये होते.

आता या संस्थेच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सांगतो. वाडी ज्यांच्या बळावर उभी राहिली ती माणसे पाहा. रामुअण्णांनी वस्तीची आखणी आणि व्यवस्था अंगावर घेतली. शंभुराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळू लागले. के. के. कुलकर्णी यांना आधीच्या उद्योगांत यश आले नव्हते. इथे ते व्यवस्थापक झाले आणि नांगराची विक्री वाढवत मुलूखभर फिरले. मंगेशराव रेगे कारकून आणि हिशेबनीस. अनंतराव फळणीकरांनी शिक्षण अर्धवट सोडलेले. इथे त्यांच्यातला कल्पक अभियंता बाहेर आला. शाळेने, बाजाराने किंवा नशिबाने बाजूला टाकलेली ही माणसे. लक्ष्मणराव स्वतः असेच तीनदा बाजूला पडले होते, म्हणूनच त्यांना दुसऱ्याच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याचा हात आणि डोके वाचता आले, असे मला वाटते. ज्याला स्वतःला कधी नकार मिळाला नाही तो अशी माणसे क्वचितच निवडतो.

वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी जी माणसे ठेवली त्यांत दरोड्याच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगून आलेले होते. सबंध जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणाऱ्या कायद्याचा तो काळ. ज्यांना गावात कुणी उभे करत नव्हते त्यांच्या हाती अख्ख्या वस्तीची राखण सोपवली आणि त्यांनी ती इमानाने केली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियमही पहिल्यापासून होता. पुढे याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ साली निघाली आणि तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला, हे अनेकांना माहीत असते. विश्वासाच्या त्या हवेत वाडीचाही श्वास होता.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगरांची आवक आटली आणि मागणी एकदम वाढली. पण बीडही परदेशातूनच येत होते. संधी आणि संकट एकाच गाडीने आले. दगडी कोळशाची टंचाई झाली तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालवायचे प्रयोग झाले. लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्याकडच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. यात काव्य शोधण्याचा मोह होतो. पण वाडीतल्या लोकांच्या दृष्टीने तो निव्वळ भट्टी विझू न देण्याचा प्रश्न होता. भट्टी विझली असती तर कुंडलच्या माळावर आलेल्या कुटुंबांना परत जायला गाव उरले नव्हते.

युद्ध संपल्यावर, १९२० च्या जानेवारीत, ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. घरचा धंदा भागधारकांचा झाला. त्याच महिन्यात ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू झाले. पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे त्याचे संपादक. नांगराच्या गिऱ्हाइकांना माहिती देण्यासाठी निघालेले ते पत्र पाहता पाहता ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि पुढे ‘मनोहर’ निघाले. मराठी घराघरांतल्या वाचनाला, विशेषतः बायकांच्या वाचनाला, या तीन मासिकांनी जे वळण लावले त्याचा इतिहास स्वतंत्रपणे लिहायला हवा. ओतशाळेच्या शेजारी छापखाना, आणि त्या छापखान्यातून रूढींवर, विधवांच्या प्रश्नांवर, विज्ञानावर निर्भीड लेख. माल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला शिकवावे, हे सायकलच्या दुकानातले सूत्र इथवर येऊन पोहोचले.

१९२६ साली थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला यंत्रविद्या शिकून परतले. वाडीत पंपांची निर्मिती सुरू झाली. नांगरापाठोपाठ पाणी, हा क्रम अगदी शेतकऱ्याच्या गरजेतून आलेला. मराठवाड्यातल्या विहिरींवर मोट जाऊन इंजिन आले तेव्हा कुठल्याही बनावटीच्या इंजिनाला म्हातारी माणसे ‘किर्लोस्कर’च म्हणत. लौकिक म्हणतात तो हा.

पण मध्ये पुन्हा उतार होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, मग नांगर घेणार कोण? हळदीचा भाव पडल्यावर बाजार कसा बसतो ते आपण पाहिले आहे, तेव्हा हे वेगळे समजावून सांगायला नको. वाडीने उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, लोखंडी फर्निचर असे हाती लागेल ते करून माणसे कामावर टिकवली. एकाच मालावर आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबणाऱ्या कारखान्याचे काय होते, हा धडा त्या वर्षांनी दिला, आणि पुढचा विस्तार त्यातूनच झाला. १९४१ साली हरिहरला लेथ, १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिने आणि बंगळूरला विजेच्या मोटारी. हा भाग शंतनुरावांच्या पिढीचा. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे आवरतो.

१९४८ मात्र टाळून पुढे जाता येत नाही. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर, मालमत्तांवर हल्ले सुरू झाले. किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. ज्या वस्तीने अस्पृश्यता पाळली नाही, कलंकित ठरवलेल्यांच्या हाती किल्ल्या दिल्या, तिथे हे घडले. त्याच वर्षी आपल्याकडे निझामी राजवटीतल्या रझाकारांचा धुमाकूळ चालू होता, आणि आपली सुटका १७ सप्टेंबरला झाली. सूडाच्या आगीत काय काय जळते याचा अनुभव त्या वर्षी मराठी मुलखाच्या दोन्ही टोकांना आला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ज्या माणसाने पंचवीस कुटुंबांसह निवडुंग तोडून भट्टी पेटवली, त्याला या वयात राखेचा माळ पाहावा लागला. वाडी सोडून देण्याचे पुरेसे कारण या आगीने दिले होते, आणि धंदा तोवर पुणे, हरिहर, बंगळूरला पोहोचलेलाही होता. तरी वाडी सोडली नाही. कारखाना तिथेच पुन्हा उभा केला, त्याच पंचक्रोशीतल्या माणसांना घेऊन. पहिल्या तीन धक्क्यांच्या वेळी लक्ष्मणरावांपाशी गमावण्यासारखे थोडे होते. या वेळी पन्नास वर्षांची पुंजी पणाला होती, म्हणून वाडीच्या सगळ्या उभारणीत मला ही दुसरी उभारणी मोठी वाटते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. औद्योगिक नकाशावर आपण उशिरा आलो. पण हळद शिजवण्याचे कुकर, पॉलिशचे ड्रम, बेणे लावण्याची यंत्रे यांत सुधारणा करणारे कारागीर आपल्याकडे आहेत, आणि वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या मंडळींपैकी कुणाचे यंत्र पहिल्या हंगामात परत येईल, कुणाची जागा जाईल, कुणाला कर्ज नाकारले जाईल. तेव्हा या इतिहासातला फाळाचा प्रसंग त्यांनी पुन्हा वाचावा, अशी विनंती आहे. आणि ज्यांच्याकडे जमीन, पैसा किंवा अधिकार आहे त्यांनी बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा प्रसंग वाचावा. त्या राजाने बत्तीस एकर माळ वेळेवर दिला नसता तर लक्ष्मणरावांची जिद्द बेळगावातच अडकून पडली असती. उद्योजकाच्या चरित्रात मदत करणाऱ्याचे नाव बहुधा तळटिपेत जाते. इथे ते मुख्य मजकुरात हवे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. वाडी आता सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते आणि तिथल्या कारखान्यात पंप तयार होतात.